वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर: कोणाला सांगावे आणि कोणापासून लपवावे?

गोदाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. येथे मी अनेक वर्षे वाचत आले आहे, धागा मात्र पहिल्यांदाच काढते आहे. मी नाशिकची, वय ४६, माध्यमिक शाळेत शिक्षिका. चौदा महिन्यांपूर्वी माझी गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया झाली, म्हणजे जठराचा एक छोटा कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडला. तेव्हा वजन ११८ किलो होते, आज ७७ आहे. मधुमेहाच्या तीन गोळ्यांपैकी दोन रुग्णालयातून घरी येतानाच बंद झाल्या आणि तिसरी तीन महिन्यांनी. शाळेचे दोन जिने मी आता न थांबता चढते, त्यामुळे या शस्त्रक्रियेबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. यजमान, मुलगी आणि धाकटी बहीण यांच्याखेरीज हे कोणालाही ठाऊक नाही. सासूबाईंना पित्ताशयातील खड्यांचे ऑपरेशन झाल्याचे सांगितले आहे आणि शाळेत विचारणाऱ्यांना आहार आणि चालणे एवढेच उत्तर देते. मागच्या महिन्यात भाचीच्या लग्नात पंगतीला बसले असताना मामेसासूबाई "अगं, एवढंच? तब्येत बरी नाही का तुझी?" असे म्हणत वाटीभर श्रीखंड वाढून समोरच उभ्या राहिल्या. त्यांचे मन मोडू नये म्हणून मी चार चमचे खाल्ले. दहा-पंधरा मिनिटांत छातीत धडधडू लागले, पाठ घामाने भिजली आणि पोटात पीळ पडला. कार्यालयाच्या कोठीघरात तांदळाच्या पोत्यावर जाऊन बसले. मला चक्कर आली असे समजून जाऊबाईंनी साखर घालून लिंबूसरबत आणले. नको म्हणायचे तर कारण सांगावे लागले असते, म्हणून मी तेही प्याले. त्यानंतरचा अर्धा तास आठवला तरी अंगावर काटा येतो.

तुमच्यापैकी ज्यांची किंवा ज्यांच्या घरातील कोणाची ही शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी लोकांना सांगितले का? आणि वर्ष उलटल्यावर तुमचे रोजचे जगणे कसे आहे?

सह्यवाटा

माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया (जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची) २०१९ साली पुण्यात झाली. मीही कोणाला सांगितले नव्हते. कार्यालयात सर्वांना वाटले की मी व्यायामशाळेत घाम गाळतो आहे, आणि दोन सहकाऱ्यांनी माझे पाहून तेथे वर्षाचे पैसे भरले. त्यांचे वजन उतरले नाही तेव्हा त्यांनी स्वतःलाच दोष दिला. मला त्याची आजही खंत वाटते.

प्रकृतीविषयी सांगायचे तर पहिल्या दीड वर्षात ३८ किलो कमी झाले आणि पुढच्या साडेचार वर्षांत त्यांतील ११ परत आले. सुरुवातीला पोळीचा दुसरा घास घशाखाली उतरत नसे, पण चिवडा, वेफर्स आणि आईस्क्रीम मात्र विनासायास उतरत. पोळीभाजीने पोट चटकन भरते आणि हे पदार्थ जागा न धरता आत सरकतात, हे कळेपर्यंत सवय लागून गेली होती. तिसऱ्या वर्षापासून रात्री घशाशी आंबट येऊ लागले. स्लीव्हनंतर आम्लपित्त वाढू शकते असे मला आधी सांगितले होते, पण त्या वेळी माझे लक्ष केवळ वजनकाट्याकडे होते.

मुळामुठा

गोदाकाठताई, धागा काढलात ते फार बरे केलेत. माझ्या भावाविषयी मला लिहायचे आहे, पण ते सविस्तर आहे, रात्री लिहितो.

रोखठोक

कोणाला दुखावण्याचा हेतू नाही, पण मला हा मार्ग पटत नाही. माझ्या वडिलांनी साठीनंतर रोज सहा किलोमीटर चालून आणि रात्रीचे जेवण सूर्यास्तापूर्वी घेऊन १७ किलो वजन उतरवले. निरोगी जठर कापून टाकणे आणि मग आयुष्यभर गोळ्या घेणे याला उपचार कसे म्हणावे? ज्या गोष्टीची लाज वाटून ती लपवावी लागते, तिच्याविषयी आपल्याच मनात शंका आहे असा त्याचा अर्थ होत नाही का?

पंचगंगा

मी कोल्हापूर येथे फिजिशियन आहे. मी शस्त्रक्रिया करत नाही, मात्र ती झालेले रुग्ण नंतर माझ्याकडे येतात.

रोखठोक, तुमच्या वडिलांचे मनापासून कौतुक. परंतु सतरा किलो उतरवणे आणि चाळीस-पन्नास किलो उतरवून ते वर्षानुवर्षे टिकवणे या शरीराच्या दृष्टीने दोन निराळ्या गोष्टी आहेत. आहाराने वजन उतरते तेव्हा भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते, म्हणजे शरीर गमावलेले परत मागते. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात आणि त्यातच हे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर तयार करणारा वरचा घुमट जातो. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या २,०१० आणि नेहमीचे उपचार घेतलेल्या २,०३७ स्थूल व्यक्तींची वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली, आणि शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचे प्रमाण कमी असल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा हा निव्वळ आळसाचा मार्ग आहे असे म्हणता येणार नाही. आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतात हे तुमचे म्हणणे मात्र खरे आहे, आणि ते रुग्णाच्या मनावर पुरेसे ठसवले जात नाही.

गोदाकाठताई, लग्नात तुम्हाला झाले त्याला डंपिंग म्हणतात. जठराच्या तळाशी एक झडप असते, ती अन्न थोडेथोडे पुढे सोडते. बायपासमध्ये अन्नाची वाट ती झडप वगळून जाते, म्हणून साखर एकदम लहान आतड्यात पोहोचते, आतड्यात पाणी खेचले जाते, आणि धडधड, घाम, मुरडा, जुलाब सुरू होतात. हा पहिला प्रकार दहा ते तीस मिनिटांत होतो. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी होतो. साखर झपाट्याने रक्तात चढल्यामुळे इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त पाझरते, मग रक्तातील साखर घसरते आणि हातपाय थरथरतात. स्लीव्हमध्ये ती झडप शाबूत असल्याने हा त्रास कमी होतो, पण अजिबात होत नाही असे नाही. तेव्हा पहिल्या प्रकारात साखरेचे सरबत देणे म्हणजे आगीत तेल ओतणे झाले. जाऊबाईंचा त्यात दोष नाही, कारण त्यांना माहीत असण्याचा मार्गच तुम्ही बंद केला होता.

गोदाकाठ

डॉक्टरसाहेब, शेवटचे वाक्य दोनदा वाचले. तुमचे म्हणणे खरे आहे.

त्या दिवशी दोन तासांनी, वऱ्हाड निघण्याच्या वेळी, माझे हात थरथरत होते आणि मुलीच्या मोबाइलवर मला अक्षरे लागत नव्हती. ते थकव्याने झाले असे मी समजत होते. तो दुसरा प्रकार होता हे आज कळले.

मुळामुठा

सकाळी म्हटले होते त्याप्रमाणे लिहितो.

माझ्या मोठ्या भावाचे पेठेत हार्डवेअरचे दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी त्याची स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली आणि ती उत्तम झाली. पाचव्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या. पाण्याचा घोटही टिकेना. जेथे शस्त्रक्रिया झाली तेथे फोन करावा असे वहिनीने सुचवले, पण दादाने "थोडं पोट बिघडलंय, एवढ्यासाठी तिकडे कशाला?" म्हणत ते टाळले. तो जवळच्या दवाखान्यात गेला आणि तेथेही शस्त्रक्रियेविषयी अवाक्षर काढले नाही, कारण ते डॉक्टर वडिलांच्या ओळखीचे होते आणि वडिलांना ठाऊक नव्हते. अशक्तपणा पाहून त्यांनी दोन दिवस ग्लुकोजच्या बाटल्या लावल्या. जी माहिती त्यांच्यासमोर होती तिच्यावरून कोणीही हेच केले असते.

तिसऱ्या दिवशी सकाळी दादा म्हणाला, "दाराच्या दोन चौकटी दिसतायत." नंतर तो स्नानगृहाकडे भिंत धरून, पाय फाकवून, होडीत उभा राहिल्यासारखा डोलत गेला. आम्हाला वाटले, पाच दिवस पोटात काही नाही, म्हणून असेल. वहिनीला मात्र राहवले नाही. तिने कोणालाही न विचारता गाडी बोलावली आणि त्याला शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात नेले. तेथे पोहोचताच थायमिनची इंजेक्शने सुरू झाली.

डोळे काही दिवसांत सुधारले. चाल सुधारायला सात महिने लागले. स्मरणशक्ती मात्र पूर्वीसारखी झालीच नाही. ज्या माणसाला पाऊण इंची खिळ्यापासून दीड इंची नळापर्यंत प्रत्येक वस्तूचा भाव तोंडपाठ असे, तो आज गल्ल्यापाशी एक वही ठेवतो आणि सकाळची गोळी घेतली की तीत बरोबरची खूण करतो, कारण तासाभराने त्याला खात्री नसते. दुकान आता पुतण्या पाहतो.

धाग्याच्या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच आहे की शेजाऱ्यांना सांगितले नाही तरी चालेल, पण सुई टोचणाऱ्या प्रत्येकाला सांगितलेच पाहिजे.

पंचगंगा

मुळामुठा, वाचून फार वाईट वाटले. तुमच्या वहिनींनी त्या सकाळी जे केले त्यामुळे पुढचा अनर्थ टळला.

इतरांसाठी स्पष्ट करतो. थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. त्याचा शरीरातील साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. सतत उलट्या झाल्या की तो संपतो. ग्लुकोजचा वापर करायला शरीराला थायमिन लागते, म्हणून साठा रिकामा असताना शिरेतून ग्लुकोज दिले तर उरलेसुरले थायमिनही खर्च होते आणि मेंदूला इजा पोहोचते. दुहेरी दिसणे, तोल जाणे आणि बुद्धीचा गोंधळ ही तिची लक्षणे. अशा रुग्णाला आधी थायमिन आणि मगच ग्लुकोज, हा क्रम चुकता कामा नये. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवसांहून अधिक काळ उलट्या झाल्या तर घरगुती उपाय करत बसू नये.

वऱ्हाडकर

माझा अनुभव मुळामुठा यांच्याइतका गंभीर नाही, पण जातकुळी तीच आहे. बायपासला दोन वर्षे झाली होती. गुडघे दुखत म्हणून औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेत असे. चिठ्ठी कोणी मागत नाही आणि दुकानदार ओळखीचा. शिवाय आमच्याकडचा खर्रा, तो सुटला नव्हता. एके दिवशी शौचाला डांबरासारखे काळे झाले आणि हिमोग्लोबिन सात निघाले. दुर्बिणीने तपासल्यावर जठराचा छोटा कप्पा आणि आतडे जेथे जोडले आहेत, नेमक्या त्या सांध्यावर व्रण दिसला. त्या गोळ्या आणि तंबाखू ही दोन्ही त्याची ठरलेली कारणे आहेत, असे तेव्हा समजले. शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयातून सुटी मिळाली तेव्हाच्या कागदांवर ते लिहिलेलेही होते. मी तो कागद विम्याच्या फाइलला लावून मोकळा झालो होतो.

आता दुखले तर पॅरासिटामॉल घेतो, तेही विचारून. खर्रा सोडून अकरा महिने झाले.

ओवी

सर्वांचे वाचून मलाही लिहावेसे वाटले. मी बेंगळुरूमध्ये असते, वय ३१. शस्त्रक्रियेपूर्वी पीसीओडी या बीजांडकोशाच्या विकारामुळे माझी पाळी चार-चार महिने येत नसे, त्यामुळे मूल राहील ही आशा मी जवळपास सोडली होती. बायपासनंतर वर्ष-दीड वर्ष तरी गर्भधारणा टाळा असे बजावले होते, पण मला त्याची गरजच पडणार नाही असे वाटले. वजन उतरू लागताच पाळी नियमित झाली आणि नवव्या महिन्यात दिवस गेले. बायपासनंतर पोटातून घेण्याच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून तांबीसारखे दुसरे साधन वापरावे, हेही मी नंतर वाचले.

पाचव्या महिन्यात मधुमेहाच्या तपासणीसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोजचे पाणी प्यायला दिले. सुदैवाने पेला हातात घेण्यापूर्वी मी तेथील परिचारिकेला शस्त्रक्रियेविषयी बोलले. तिने लगेच डॉक्टरांना बोलावले, ती तपासणी रद्द झाली आणि त्याऐवजी आठवडाभर घरीच बोटातून रक्त घेऊन जेवणापूर्वीची आणि नंतरची साखर नोंदवायला सांगितली. लोह, कॅल्शियम, फॉलिक आम्ल आणि बी-१२ यांच्या तपासण्या दर तीन महिन्यांनी होत होत्या. मुलगी २.६ किलोची झाली, आता दीड वर्षाची आहे आणि घरभर पळते.

सासरी मात्र मी सांगितले नव्हते. डोहाळजेवणात सात प्रकारचे गोड समोर आले आणि मी एकही घेतले नाही, याचा राग मनात धरलेल्या दोन बायका आजही आहेत.

रोखठोक

मी वर जे लिहिले त्यातील 'लाज' हा शब्द मागे घेतो. मुळामुठा यांच्या भावाचे वाचून मन सुन्न झाले. शस्त्रक्रिया हा शेवटचा उपाय असावा या मतावर मी अजूनही ठाम आहे. डॉक्टर, ती कोणी करावी याचे काही निकष आहेत का, की जो मागेल त्याला ती मिळते?

पंचगंगा

निकष आहेत. १९९१ मध्ये अमेरिकेत ठरलेला निकष बरीच वर्षे जगभर वापरला गेला. त्यानुसार बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) ४० किंवा त्याहून अधिक, अथवा ३५ आणि जोडीला मधुमेहासारखा आजार असेल तरच शस्त्रक्रिया सुचवीत. २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या दोन मोठ्या संघटनांनी हा उंबरठा खाली आणला. आशियाई लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो, म्हणून आपल्यासाठी तो आणखी खाली धरतात. विम्याचा निकष मात्र जुनाच आहे. आपल्या विमा नियामकाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या कलमानुसार ४०, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५, आणि साधे उपाय फसल्याचा पुरावा लागतो. शिवाय पॉलिसीचा प्रतीक्षाकाळ असतो.

आहारविचार

मी दादरला आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. गोदाकाठताईंनी रोजचे जगणे विचारले आहे, त्यावर थोडे विस्ताराने लिहिते, कारण आपल्या मराठी ताटाची रचनाच या रुग्णांना अडचणीची आहे. ताटात भात आणि पोळी मध्यभागी असतात, वरण पातळ असते आणि उसळ दोन चमचे. पोट दीड वाटीचे उरले की माणूस भात-पोळीनेच भरतो आणि प्रथिने बाहेर राहतात. दिवसाला किमान ६० ते ८० ग्रॅम प्रथिने हवीत. एका अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात आणि १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे अठरा ग्रॅम मिळतात. मासे खाणाऱ्यांचे सोपे आहे, १०० ग्रॅम बांगड्यात वीस ग्रॅमच्या आसपास मिळतात. म्हणून मी सांगते की ताट उलटे वाचा. आधी उसळ, अंडे, मासा, पनीर किंवा चक्का, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरीचा चतकोर. घट्ट पिठले हा यांच्यासाठी फार चांगला पदार्थ आहे आणि तो कोणत्याही घरात संशय न येता खाता येतो.

जेवताना पाणी पिऊ नये, आधी आणि नंतर अर्धा तास अंतर ठेवावे. दिवसभरात मात्र दीड-दोन लिटर पाणी घोटघोट करून संपवावे. जेवणाला वीस ते तीस मिनिटे द्यावीत. नरम पोळी आणि पाव यांचा गोळा होऊन ते अडकतात, त्यापेक्षा कडक भाकरी किंवा फुलका बरा.

लोह आणि कॅल्शियम यांच्या गोळ्या एकत्र घेऊ नयेत, किमान दोन तासांचे अंतर हवे. लोह लिंबूपाण्याबरोबर घ्यावे आणि त्याच्या आगेमागे चहा टाळावा. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी सात जणी लोहाची गोळी सकाळच्या चहाबरोबर गिळतात आणि हिमोग्लोबिन वाढत नाही म्हणून रडतात. कॅल्शियम सायट्रेट स्वरूपातले असावे, कारण त्याला जठरातील आम्लाची फारशी गरज लागत नाही.

उपवासाचे एक राहिले. संकष्टी, एकादशी आणि नवरात्र यांना साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ केवळ पिष्ट असते. ज्यांना उपवास सोडवत नाही त्यांनी दही, दूध, पनीर, शेंगदाण्याची आमटी आणि राजगिऱ्याची भाकरी घ्यावी. पण पहिल्या वर्षात तरी देवाची क्षमा मागून उपवास बाजूला ठेवावेत, अशी माझी विनंती असते.

गोदाकाठ

आहारविचारताई, केसांविषयी विचारायचे राहिले. चौथ्या महिन्यापासून न्हाणीघराच्या जाळीवर केसांचा पुंजका साठू लागला. वेणी घालण्याइतके केस उरणार नाहीत अशी भीती वाटत होती. आता गळणे थांबले आहे, पण शाळेत "वजन उतरवायच्या नादात केस घालवलेत" असे एकीने तोंडावर म्हटले.

आहारविचार

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळणे जवळपास ठरलेले असते. शस्त्रक्रियेचा ताण आणि झपाट्याने उतरलेले वजन यांमुळे एकाच वेळी पुष्कळ केस विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि नंतर एकदम गळतात. मुळे जिवंत असतात, त्यामुळे ते परत येतात. तुमच्या कपाळाच्या कडेला बोटभर लांबीचे नवे केस उभे राहिले असतील, आरशात पाहा. वर्षानंतरही गळत राहिले तर फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), जस्त आणि प्रथिने तपासावीत.

मांडवीतीर

फोंड्याहून लिहितो. ज्या विषयावर कोणी बोलत नाही तो मांडतो. बायपासनंतर दारू शरीरात फार लवकर चढते आणि उतरायला वेळ लावते. पूर्वी सणासमारंभाला दोन पेले घेऊन मी व्यवस्थित गप्पा मारत असे, आता अर्ध्या पेल्यात जीभ जड होते. आणि जेवणातून मिळणारा आनंद कमी झाला की मन दुसरा आनंद शोधते. दुसऱ्या वर्षापासून व्यसनाचा धोका वाढतो असे परदेशी अभ्यासांत दिसले आहे, आणि माझ्या बाबतीत घड्याळ लावल्यासारखे तेच झाले. पत्नीने पाहिले, बोलली, आणि मी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांनाच ते सांगितले. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. आता नऊ महिने पूर्ण बंद आहे. पत्नीला सर्व ठाऊक होते म्हणूनच ती वेळेवर बोलू शकली.

सह्यवाटा

मांडवीतीर, तुमचा प्रतिसाद वाचून मी आणखी एक गोष्ट लिहितो, जी मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. ३८ किलो गेले तेव्हा पोटावरची आणि दंडांवरची कातडी लोंबू लागली. सदरा घातला की मी सडपातळ दिसे आणि काढला की स्वतःकडे पाहवत नसे. उन्हाळ्यात घड्यांमध्ये घाम साठून चट्टे उठत. मुलाला पोहायला नेण्याचे मी दोन वर्षे टाळले. वजन स्थिर झाल्यावर ती कातडी काढता येते, पण विमा तिला सौंदर्यशस्त्रक्रिया मानतो. गेल्या वर्षी अर्ध्या बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा घेतला आणि मुलाबरोबर पाण्यात उतरलो. त्याने काहीही विचारले नाही.

आणि हो, चार वर्षे मी बी-१२ घेतलेच नव्हते, कारण मला बरे वाटत होते. तळपायांना मुंग्या येऊ लागल्या तेव्हा तपासले. शरीरातील साठा दोन-तीन वर्षे पुरतो, त्यामुळे अंगात काही कमी आहे हे उशिरा कळते. ज्यांना 'मला सगळे ठीक वाटते' असे वाटते आहे त्यांनीही वर्षातून एकदा रक्त तपासावे.

गोदाकाठ

आठ दिवसांनी येते आहे. तुम्ही सर्वांनी जे मनापासून लिहिले ते मुलीला आणि यजमानांना वाचून दाखवले.

परवा संकष्टीच्या संध्याकाळी सासूबाई चंद्रोदयाची वाट पाहत ओसरीवर बसल्या होत्या. त्यांचे वय ७६. त्यांच्याशेजारी बसून मी सगळे सांगितले, पित्ताच्या खड्यांचे खोटे होते हेही. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मी मनाची तयारी केली होती. मग त्यांनी माझ्या पोटावर, साडीवरूनच, हात ठेवला आणि विचारले, "खूप दुखलं का गं तेव्हा?" शस्त्रक्रियेनंतरच्या चौदा महिन्यांत हे मला कोणी विचारले नव्हते, कारण विचारण्याची मुभाच मी कोणाला दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसले तर माझ्या ताटाऐवजी तेथे माझ्या मुलीच्या उष्टावणाची चांदीची वाटी आणि छोटा चमचा मांडलेला होता. त्यात घट्ट वरण, वर तुपाचा थेंब. "यात मावेल तेवढंच तुझं. वर कोणी वाढायला आलं तर मला हाक मार," एवढे बोलून त्या आत गेल्या. पुढच्या महिन्यात दिराकडे मुंज आहे आणि तेथे माझ्या पंगतीत शेजारी स्वतः बसणार असल्याचे त्यांनी जाहीर केले आहे.

शाळेत मी सर्वांना सांगणार नाही. मुख्याध्यापिका आणि माझ्या शेजारच्या वर्गाच्या बाई, या दोघींना सांगितले आहे. शिवाय मुळामुठा यांच्या भावाचे वाचल्यानंतर पर्समध्ये ठेवायला एक कार्ड तयार करून घेतले.

मुळामुठा

ताई, त्या कार्डावर काय लिहिले आहे ते येथे द्याल का? दादासाठीही करून घेतो. वहिनीचा आग्रह आहे.

पंचगंगा

येथे टाका. मी नजर टाकतो.

गोदाकाठ

माझ्या शल्यचिकित्सकांना दाखवून घेतले आहे. पुढच्या बाजूला नाव, रक्तगट, यजमानांचा आणि रुग्णालयाचा क्रमांक आहे. मागच्या बाजूचा मजकूर असा:

"माझी गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया झाली आहे. मी बेशुद्ध किंवा गोंधळलेली असल्यास रक्तातील साखर ताबडतोब तपासावी. उलट्या होत असतील तर ग्लुकोज लावण्यापूर्वी थायमिन द्यावे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी वेदनाशामके देऊ नयेत. नाकातून पोटात नळी अंदाजाने घालू नये. पोटात तीव्र दुखत असल्यास वरील रुग्णालयाशी लगेच संपर्क साधावा."

पंचगंगा

मजकूर योग्य आहे. फक्त एक भर घाला: शस्त्रक्रियेची तारीख. आणि मुळामुठा, भावाच्या कार्डावर बायपासऐवजी 'स्लीव्ह गॅस्ट्रेक्टोमी' असे लिहा, आणि त्यांना पूर्वी थायमिनच्या अभावाने मेंदूला इजा झाली होती हे पहिल्या ओळीत येऊ द्या.

मुळामुठा

लिहून घेतले. दोन प्रती करतो, एक दादाच्या खिशात आणि एक गल्ल्यावरच्या वहीत.

वऱ्हाडकर

मी तिसरी प्रत औषधाच्या दुकानदाराला देणार आहे.